गाणे आणि सिंहासन



1 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. तो शिव उद्योग सेनेसाठी होता. बेकार मराठी तरुणांना रोजगार मिळवून देणे हा त्याचा जाहीर उद्देश, आणि त्यासाठी युती शासनाने करमणूक कर उदार हस्ते माफ केलेला. मुंबई ग्राहक पंचायतीने या माफीला आव्हान दिले. 2011 साली उच्च न्यायालयाने ती रद्द करून शासनास फेरविचार करावयास सांगितले, आणि 2021 साली मंत्रिमंडळाने फेरविचारान्ती तीच माफी पुन्हा बहाल केली. महाराष्ट्रात वाद रंगला तो या कराचा आणि ‘आपल्या संस्कृती’चा. एका अल्पवयीन मुलाच्या लैंगिक शोषणाच्या आरोपावरून दाखल झालेला दिवाणी दावा या गायकाने जानेवारी 1994 मध्ये दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजून, दोष मान्य न करता, मिटवला होता. त्या गोष्टीला या वादात फारसे स्थान मिळाले नाही.

कलावंताच्या खाजगी जीवनातील कलंकामुळे त्याची कला झाकोळते काय, हा प्रश्न मग 2005 साली कॅलिफोर्नियातील खटल्याच्या वेळी विचारला गेला. त्या खटल्यात ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केले. 2009 साली तो मरण पावला. 2019 साली दोन पुरुषांनी एका माहितीपटात आपल्या बालपणीच्या शोषणाची सविस्तर कहाणी सांगितली, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांपैकी एकाने 2005 च्या खटल्यात आरोपीच्याच बाजूने साक्ष दिली होती, हे वारसदार आवर्जून सांगतात. ते खरेच आहे. पण लहानपणी ज्याला देव मानले त्याच्याविरुद्ध बोलण्यास माणसाला वीस वर्षे लागू शकतात, हेही तितकेच खरे आहे. न्यायालयाने मुक्त केलेल्याला दोषी ठरवण्याचा अधिकार कोणत्याही सभेला नाही. तसाच, बोलणाऱ्याला लबाड ठरवण्याचा अधिकार चाहत्यांच्या झुंडीलाही नाही.

परंतु या प्रश्नाची मांडणीच मुळात फसवी आहे. ‘त्याची कला’ म्हणजे नेमकी कोणाची? 1982 सालच्या ‘थ्रिलर’ या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकगीत रॉड टेम्परटन या इंग्रज गीतकाराने लिहिले. निर्मितीला क्विन्सी जोन्ससारखा जाझमध्ये मुरलेला संगीतकार होता. तिच्यातील पहिल्या गाण्याचे पालुपद कॅमेरूनच्या मनू दिबांगो याच्या गीतावरून उचललेले. त्याने दावा लावल्यावर तडजोड झाली. मागे सरकत पुढे चालल्याचा भास देणारी ती जगप्रसिद्ध चाल कृष्णवर्णीय नर्तक कित्येक दशके आधीपासून करीत होते. 1955 च्या एका चित्रपटात बिल बेली ती करताना दिसतो. यावरून मायकेलची प्रतिभा उणी ठरत नाही. त्याच्या आवाजातील तो कंप दुसऱ्या कोणाचा नव्हता. पण या वारशात अनेकांचा घाम मिसळलेला आहे, आणि तो जपण्यासाठी एका माणसाच्या निष्कलंकपणाची हमी मागण्याचे कारण नाही.

गाणे टिकेल. डळमळीत होते ते सिंहासन. ‘पॉपचा सम्राट’ ही पदवी त्या गाण्यांच्या विक्रीसाठी उपयोगी होती, आणि सम्राटाच्या शयनगृहाचे दार कोणी ठोठावत नाही. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी विभूतिपूजेविरुद्ध जो इशारा दिला तो राजकारणापुरता होता. रंगमंचाला तो कमी लागू नाही.

येथे आणखी एका मुलाची आठवण ठेवली पाहिजे. इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादी शहरात क्रेन चालवणाऱ्या कामगाराचा तो मुलगा. वडिलांनी मुलांचे वाद्यवृंद-पथक उभारले, आणि मायकेल शाळकरी वयातच रात्री-अपरात्री पैसे घेऊन गाऊ लागला. वडिलांच्या माराची भीती त्याने 1993 साली दूरचित्रवाणीवर स्वतःच सांगितली. त्या बालश्रमावर ध्वनिमुद्रिका कंपन्या गबर झाल्या. त्याचे बालपण हिरावले गेले म्हणून पुढच्या आरोपांना माफी मिळत नाही, पण मुलाला नफ्याचे साधन मानणारी व्यवस्था दोन्ही ठिकाणी एकच आहे.

आज ‘वारसा’ हा शब्द सर्वांत मोठ्याने उच्चारते ती त्याची मालमत्ता सांभाळणारी संस्था. 1985 साली मायकेलने बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेला संग्रह 4.75 कोटी डॉलरला घेतला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीतील हिस्सा या संस्थेने 2016 साली सोनीला 75 कोटी डॉलरला विकला. 2019 चा माहितीपट अडवण्यासाठी तिने 1992 च्या एका संगीत कार्यक्रमाच्या प्रक्षेपण-करारातील ‘बदनामी करणार नाही’ या कलमाचा आधार घेतला. मृताची अब्रुनुकसानी कायद्यात बसत नाही, पण करारातली बसते!

त्या दोघांनी मायकेलच्या कंपन्यांवरही दावे लावले होते. कंपनीचा एकमेव मालकच आरोपी होता, मग नोकरांनी त्याला अडवायचे कसे, असा बचाव झाला आणि खालच्या न्यायालयाने तो मानलाही. ऑगस्ट 2023 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने, आरोप खरे की खोटे यात न शिरता, तो फेटाळला: मालक एकटाच आहे एवढ्यावरून मुलांच्या संरक्षणाचे कर्तव्य कंपनीला टाळता येणार नाही. दावे पुन्हा उभे राहिले. त्या घरात पगारी माणसे होती, व्यवस्थापक होते, वकील होते. त्यांना काय दिसत होते आणि त्यांनी काय केले, हे विचारण्याचा मार्ग त्या निकालाने मोकळा झाला.