नंतर आई

(ओरोस इथं युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



तुम्ही मुंबईहून आलात, म्हणालात ताई, स्वतःबद्दल बोला. बोलते. गोड वाटणार नाही.

बाप मुंबईला गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप झाला तेव्हा मी सात वर्षांची. मनीऑर्डर थांबली, बाप गावी आला. तुमच्या पुस्तकांत तो लढा आहे. आमच्या घरात तो दारू आणि पट्टा होऊन आला. गिरणीमालकावर हात उचलता येत नव्हता, आईवर येत होता. ती दिवसा खाणीवर चिरे वाहायची, रात्री मार खायची. आठवीत माझी शाळा सुटली, मी काजूच्या कारखान्यात बसले. टरफलातलं तेल बोटांची सालं काढतं. राख चोळायची आणि फोडत राहायचं. मजुरी किलोवर.

1998 ला लग्न केलं. तो सवर्ण. पोरगा दोन वर्षांचा असताना त्याच्या घरच्यांनी त्याला परत घेतलं. आम्हाला नाही.

पोरगा पाच वर्षांचा असेल, दूध सांडलं. मी हात उचलला. त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं, अगदी मी झाकायची तसं. चुलीपुढून आई म्हणाली, ‘बापाशीचो हात तुका इलो गो.’ त्यानंतर हात कधी उठलाच नाही, असं खोटं सांगणार नाही. दोनदा उठला. दोन्ही वेळा मी त्याची माफी मागितली. लेकराची माफी मागायची असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. चौतिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाले. पाढे तोच घ्यायचा.

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ 2003 मध्ये आलं. नवरा गेल्यावर बांबूची आयदानं विणून पोरं वाढवणारी त्यांची आई त्यात आहे. कोकणातल्या वाडीवाडीत अशी बाई सापडते. आपल्या स्टेजवर सापडत नाही. (हसताय काय? आजचा चहा कुणी केला?)

1956 ला आपण हिंदू धर्म सोडला. त्याच वर्षीचा हिंदू अज्ञान पालकत्व कायदा मात्र बौद्धांनाही लागू आहे. पालक कोण? बाप, आणि त्याच्या नंतर आई. 1999 ला गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. तो लक्ष देत नसेल तरी आई पालक.

2018 ला पोराला जातीचा दाखला हवा होता. एका कचेरीतला बाबू म्हणाला, जात बापाची. सोळा वर्षं न दिसलेला बाप टेबलावर हजर! मग एका वकिलानं 2012 चा रमेशभाई नायका खटल्याचा निकाल दिला. बापाची जात गृहीत धरतात, पण ते अंतिम नाही. पोर आईकडे वाढलं, आईच्या समाजाचे चटके त्यानंही सोसले, हे पुराव्यानं दाखवता येतं.

पुरावा! रात्री दोघं यादी करायला बसलो. लग्नाच्या पंगतीत वेगळं बसवलं. मॅचमध्ये बॅट दिली नाही. ज्यातून त्याला वाचवलं असं मी समजत होते, तेच सहीनिशी सिद्ध करायचं. अर्ध्या गोष्टी त्यानं कधी बोलूनच दाखवल्या नव्हत्या. म्हणाला, ‘तू हात सोलून यायचीस, तुला काय सांगू?’

दाखला मिळाला, पण त्या वर्षाची अ‍ॅडमिशन गेली. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर बापाआधी आईचं नाव येतं. बरं झालं. जातीच्या कागदाला तेवढं पुरत नाही. एकट्या बायांनी माहेरचा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा कागद आधी शोधावा. मला तो गावच्या शाळेच्या रजिस्टरात मिळाला. माझ्या बापाचं नाव, पुढे जात. ज्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती, त्याच्या नावावर माझ्या पोराचा दाखला उभा आहे. त्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

अर्जाचा नमुना कुणाला हवा असेल तर आत्ताच मागा. साडेपाचची एसटी आहे माझी.