चार्ज दिल्याशिवाय घरी जायचं नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागरीच्या कार्यक्रमात गच्चीवर झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते आपल्या सोसायटीचे सभासद असून रेल्वेतून निवृत्त झाले आहेत.)

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरी, समितीची मंडळी आणि दूध कधी मिळणार म्हणून माझ्याकडे बघत बसलेली बच्चेकंपनी,

सेक्रेटरींनी मला विषय दिला, ‘डोक्याचं काम आणि तब्येत’. मी म्हटलं, एखादा डॉक्टर बोलवा. तर म्हणाले, डॉक्टर गेल्या वर्षी झाले, आता तुम्ही. तेव्हा मला जे माहीत आहे तेवढंच सांगतो. पहाटे उठा, प्राणायाम करा, हे सांगणार नाही. ते तुम्हाला रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर येतंच.

मी २२ वर्षं सेक्शन कंट्रोलर होतो. पुष्कळांना वाटायचं, म्हणजे सिग्नल देणारा. तसं नाही. सिग्नल स्टेशन मास्तर देतो. कंट्रोलर एका खोलीत बसलेला असतो, कानाला हेडफोन, समोर टेबलाएवढा चार्ट. चार्टवर आडवी वेळ, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे त्यावरची एक तिरकी रेघ. कोणती मालगाडी कुठे बाजूला घ्यायची, मेल कुठून पुढे काढायची, कोणत्या ड्रायव्हरचे तास संपत आलेत, हे सगळं त्या रेघांतून ठरवायचं, आणि तेही सात-आठ स्टेशनं एकाच वेळी कानात बोलत असताना. आता पेन्सिल जाऊन कॉम्प्युटर आलाय, पण डोकं तेच लागतं. अंगाला घाम नाही, पाठीवर ओझं नाही. आमचे एक नातेवाईक म्हणायचे, तुमचं बरं आहे, पंख्याखाली बसून काम.

पण कायदा काय म्हणतो बघा. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कामाचे प्रकार पाडलेत, त्यात एक आहे ‘इंटेन्सिव्ह’. सतत एकाग्रता किंवा कष्टाचं अंगमेहनतीचं काम, आणि मधे विसावा जवळजवळ नाही, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे एकाग्रता आणि अंगमेहनत एकाच वाक्यात, एकाच तराजूत. सतत चालणाऱ्या साध्या कामाला पंधरवड्याच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास, तर या कामाला ४५ तासच, अशी मर्यादा आहे. आमच्या ड्युट्या म्हणून सहा तासांच्या असायच्या. हमालाने एका वेळी किती पोती उचलायची हे आपल्याला समजतं. डोक्याने किती उचलायचं, हे कायद्याला समजलं पण आपल्याला अजून समजत नाही.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून गोष्टी सुटायला लागल्या. तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळासारखं यंत्र केलं. काटा टकटक पुढे सरकायचा आणि मधूनच एखादी उडी दुप्पट घ्यायचा. ती उडी ओळखायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं चुकायला लागली. ही आळशी माणसं नव्हती, युद्धावरची होती. म्हणून कोणी मला म्हणालं, ‘मी सलग पाच तास उठलो नाही’, तर मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते.

आता माझी चूक सांगतो. एका दुपारी २ वाजता ड्युटीवर बसलो. रात्री ८ ला मला सोडवणारा माणूस आजारी पडला, दुसरा मिळेना. मीच म्हटलं, बसतो. खरं सांगायचं तर मला अभिमान होता त्याचा, डबल ड्युटी करू शकणारा मी. साडेबाराच्या सुमाराला एक मालगाडी लूपवर घ्यायला सांगितली. पलीकडून स्टेशन मास्तर दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, “कंट्रोल, लूपवर ट्रॅक मशीन उभी आहे. संध्याकाळी तुम्हीच तर उभी करून घेतलीत.”

अपघात झाला नसता, तिथे सिग्नलची यंत्रणा असते आणि जागा माणूस असतो. मालगाडी मेन लाइनवर अडकली, मागची मेल पंचवीस मिनिटं लेट झाली, मला लेखी खुलासा द्यावा लागला, एवढंच. पण मशीन माझ्या चार्टवर, माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. समोर होती आणि मला दिसली नव्हती. त्या रात्री कळलं की दमलेल्या डोक्याला आपण दमलोय हे कळत नाही. पाय दुखले की कळतं. हे कळत नाही.

त्याहून मोठी चूक घरी झाली. मुलगी चौथीत होती. शाळेतलं काही सांगायला लागली की मी म्हणायचो, “हं, पुढे?” हे माझं कंट्रोलमधलं उत्तर, पुढच्या स्टेशनला द्यायचं. कान तिच्याकडे, डोकं चार्टवर. ती सांगायची थांबली. थांबली, हे मला दोन वर्षांनी लक्षात आलं, आणि तेही हिने सांगितलं तेव्हा.

खरं तर यावरचा उपाय आमच्या ऑफिसात रोज होत होता, मीच तो नीट करत नव्हतो. आमच्याकडे उठून चालू लागायचं नसतं, चार्ज द्यावा लागतो. पुढचा माणूस येतो, शेजारी उभा राहतो. त्याला सांगायचं, ही गाडी इथे, हा ब्लॉक इतक्या वाजेपर्यंत, या लूपवर मशीन. डायरीत लिहायचं, सही करायची, मग हेडफोन काढायचा. मी घाईघाईत सही करून पळायचो आणि अर्धा चार्ट डोक्यात घेऊन घरी यायचो. त्या प्रकरणानंतर मी दहा मिनिटं जास्त थांबायला लागलो. सगळं लिहायचो, अर्धवट राहिलेलं तर आधी. झोपेत स्टेशनांची नावं घेणं त्यानंतर कमी झालं, याला घरात साक्षीदार आहे.

मुलगी पुढे मानसशास्त्र शिकली. तिने सांगितलं, बाबा, यावर अभ्यास झालाय. अर्धवट काम मनात रेंगाळतं, हे ब्लुमा झायगार्निक या बाईंनी १९२७ मध्ये मांडलं. आणि मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी २०११ मध्ये दाखवलं की ते काम पूर्ण करायची गरज नाही, पुढे कधी नि कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी मन त्याला सोडतं. आमच्या डायरीचं इंग्रजी भाषांतर झालं म्हणायचं!

आता आपल्या सोसायटीकडे येतो. आपण इथे राहायला आलो तेव्हा माणूस ऑफिसातून निघाला की लोकलमध्ये तासभर लटकत यायचा. हाल होते, मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण तो तास मधे होता. आता अर्ध्या घरांत ऑफिस जेवणाच्या टेबलावर आहे. तिथे चार्ज घ्यायला कोणी येत नाही.

आपल्याकडचा एक तरुण, नाव सांगत नाही, त्याला विचारूनच बोलतोय. रात्री गाडी पार्किंगमध्ये लावून अर्धा-अर्धा तास आतच बसलेला दिसायचा. मला आधी वाटलं फोनवर बोलतोय. एकदा काचेवर टकटक केलं. म्हणाला, “काका, वर गेलो की लगेच बाबा व्हायचं असतं. मधे एकही स्टेशन नाही.”

मी त्याला दोनशे पानी वही दिली. निघायच्या आधी दहा मिनिटं, ऑफिसातच, लिहायचं. काय झालं, काय राहिलं, उद्या सकाळी पहिलं काय हातात घ्यायचं. खाली सही. तो हसला, सही कुणासाठी म्हणाला. मी म्हटलं, कर तरी. घरून काम असेल त्या दिवशी लिहून झालं की लॅपटॉप कपाटात, आणि खाली उतरून दोन फेऱ्या. फेऱ्या मारताना मीही असतो बऱ्याचदा. अजून कधीकधी तो गाडीत बसतो. पण पाच-सात मिनिटं.

वहीने सगळं भागतं असं मात्र समजू नका. काम बारा तासांचं असेल तर वही काय करणार? माझ्या डबल ड्युटीचं उत्तर दुसरा माणूस नेमणं हेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन केलं, त्यात हा कामाच्या ठिकाणच्या, हाताबाहेर गेलेल्या ताणाचा परिणाम आहे असं स्पष्ट म्हटलंय. माणसाच्या स्वभावाचा दोष म्हटलेलं नाही. सतत थकवा, कामाबद्दल तिटकारा, आणि आपल्याच्याने काही होत नाही ही भावना, असं बरेच दिवस चाललं असेल तर साहेबाशी बोला, घरी बोला, डॉक्टरकडे जा. ‘टेलिमानस’ची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहायला मी सेक्रेटरींना सांगितलंय.

आणि एक विनंती कमिटीला. पार्किंगचे मेसेज रात्री अकराला टाकू नका. सकाळी टाका, गाड्या तिथेच असतात.

दूध उकळून तयार आहे असा खालून इशारा आलाय. कुणाला वही हवी असेल तर माझ्याकडे अजून सहा शिल्लक आहेत.