घासणाऱ्या हाताचा हिशेब



अक्षरांशी माझी ओळख कागदावरची. पण आज लाकडातून कापलेल्या अक्षरांविषयी बोलायचे आहे. दारावरच्या नावाच्या पाट्या, देवघराची जाळी, रेहल किंवा पोथीचे स्टँड, मुलांची खेळणी, या साऱ्या वस्तू बारीक पात्याच्या करवतीने कापतात. हाताच्या करवतीला फ्रेट-सॉ म्हणतात, विजेवरच्या यंत्राला स्क्रोल सॉ. कापणे डोळ्यांना दिसते, लोक थांबून बघतात. त्यानंतरचे घासणे मात्र कुणी बघत नाही. वस्तू विकली जाते ती त्या घासण्यामुळे.

आपली देवनागरी या कामाला मोठी सोयीची आहे. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना दोरीवरच्या कपड्यांसारखे धरून ठेवते. पण अडचणीही तिच्याच. ‘वर्धा’ हा शब्द घ्या. ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा अर्धीच असते, त्यामुळे तिथे मुद्दाम सांधा ठेवला नाही तर शब्दाचे दोन तुकडे होतात. ‘हिंगणघाट’मधला ‘ग’ आणि ‘ण’ दोन-दोन भागांचे, ते केवळ शिरोरेषेला लटकलेले. आणि अनुस्वाराचा टिंब तर सुटूनच पडतो. तो वेलांटीला चिकटवून तरी आखावा, नाहीतर मागून फळी लावून डकवावा.

दुसरी गोष्ट रेषांची. फळीच्या रेषा शिरोरेषेच्या दिशेने धावत असतील तर शिरोरेषा मजबूत राहते, पण काना आडव्या रेषांवर पडतो आणि घासताना मोडतो. म्हणून अक्षरे नाजूक असतील तर प्लायवूड बरे. त्यात एकावर एक आडवे-उभे थर असतात. मात्र त्याचा वरचा थर पातळ असतो, जास्त घासला तर खालचा थर उघडा पडतो.

आता क्रम सांगतो. पॉलिश पेपरचा आकडा जितका मोठा, तितका तो बारीक, एवढे लक्षात ठेवा.

फळी कापण्याआधीच घासावी. साधी फळी आधी १२० नंबरने, मग १८० ने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. रेषांना आडवे घासले की ओरखडे पडतात, आणि ते पॉलिश केल्यावरच उठून दिसतात. प्लायवूडला १८० किंवा २२० चे हलके हात पुरेत. एकदा अक्षरे कापली की त्यांवर जोर देता येत नाही, म्हणून सपाट भागाचे मोठे काम आधीच उरकलेले बरे.

कापल्यावर मागच्या बाजूला बारीक कुसळे राहतात. ती काढायला वस्तू सपाट पाटावर पालथी ठेवावी आणि २२० नंबरने हलक्या हाताने फिरवावे. जाळीच्या आत बोट जात नाही. तिथे पेपरच्या अरुंद पट्ट्या कापाव्या, पाठीला चिकटपट्टी लावावी म्हणजे त्या फाटत नाहीत, आणि छिद्रातून ओवून हळूहळू मागे-पुढे ओढाव्या. कोपऱ्यांसाठी बांबूच्या कामटीला पेपर चिकटवावा. वेलांटीसारखा बारीक भाग घासताना खालून बोटाचा आधार द्यावा.

साध्या लाकडावरून मग ओलसर फडका फिरवावा. दबलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा २२० चा एक हात. एमडीएफच्या पाटीला मात्र पाणी लावू नये, ती फुगते.

यानंतर धूळ. ब्रशने झाडावी, कोरड्या फडक्याने पुसावी. आणि हे काम करताना नाका-तोंडावर चांगला मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोगकारक ठरवली आहे. घरात घासत असाल तर पोराबाळांपासून दूर, उघड्यावर बसा.

शेवटी पॉलिश. जवस आपल्या विदर्भाचे ओळखीचे पीक. त्याचे तेल लाकडाला शोभते. ब्रशने किंवा बुडवून लावावे, थोड्या वेळाने जादा तेल जाळीतूनसुद्धा पुसून घ्यावे. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस लागतात. रंगाच्या दुकानातले लवकर वाळणारे तेल मुलांच्या खेळण्यांना लावू नये, त्यात इतर द्रव्ये असतात. आणि तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडके उघड्यावर एकेरी पसरून वाळवावे.

दुसरा मार्ग लाखेचा. १ लिटर स्पिरिटमध्ये साधारण १०० ग्रॅम चपडी लाख विरघळवावी, गाळून घ्यावी, आणि पातळ हात द्यावे. प्रत्येक हात वाळल्यावर ४०० नंबरने हलकेच फिरवावे. आसपास विस्तव नको. पावसाळी हवेत लाखेवर पांढरी झाक येते, म्हणून ऊन असलेला दिवस निवडावा.

हे सगळे सांगण्यामागे एक कारण आहे. आपल्या जिल्ह्याने हाताच्या कामाला शाळेत नेले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगांमध्ये सुतारकामही धरले. पोराने केलेली वस्तू विकण्याजोगी असावी, असा गांधीजींचा आग्रह होता. आणि घासल्याशिवाय कुठली लाकडी वस्तू विकण्याजोगी होते?

त्याआधी, १९३५ साली, अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्यांना किमान मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. खादीच्या किमतीत सर्वांत दुर्लक्षित वाटा कातणाऱ्याचा होता. लाकडाच्या वस्तूत तो वाटा घासणाऱ्याचा आहे. कितीतरी ठिकाणी यंत्रावर घरचा मुलगा बसतो, आणि घासायला घरच्या बाया. किंमत ठरवताना लाकूड धरतात, वीज धरतात, कापणाऱ्याचे तास धरतात. घासण्याचे तास ‘घरचेच काम’ म्हणून सोडून देतात.

समजा, एक पाटी कापायला एक तास लागला आणि घासून पॉलिश करायला दोन. मग किमतीत तीन तास लिहायला हवेत, आणि त्यातले दोन ज्या हातांचे, त्या हातांत द्यायला हवेत. ग्राहकानेही पाटी घेताना कडेवरून आणि मागून बोट फिरवून पाहावे. कुसळ लागले नाही, तर पैसे घासाघीस न करता मोजावे. घासायचे ते त्या हातांनी आधीच घासलेले असते.