‘तो सारखा दुखावतो’ म्हणजे नक्की काय?

पेण-रोह्याकडे कबड्डीचा संघ काढायला बसलं की एक वाक्य हमखास येतं, ‘त्याला नको रे, सारखा दुखावतो.’ विषय संपला!

आता हा अनुभव खोटा नाही. एकदा गेलेला गुडघा पुन्हा जाण्याची भीती जास्त, हे डॉक्टरही सांगतात. पण आपण बोट, खांदा, घोटा सगळं एकाच खात्यात मांडतो.

चंदगडचा सिद्धार्थ देसाई बघा. २०१९ला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतला. प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात दुखापत, जेमतेम काही सामने. तरी २०२३च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने १ कोटी मोजले, आणि त्या हंगामात संघ थेट फायनलला!

बास्केटबॉलमध्ये स्टीफन करी. २०११-१२ला घोट्यापायी ६६पैकी २६च सामने. ‘काचेचा घोटा’ म्हणून करारही त्या मानाने स्वस्तात झाला. मग त्याने कंबर-मांड्यांची ताकद वाढवली, भार घोट्यावरून हलवला. २०१५ आणि २०१६ला एमव्हीपी! घोटा तोच, कारण शोधलं.

आपल्याकडे पोरगा धाटाव एमआयडीसीतली शिफ्ट करून येतो, वॉर्मअप न करता एका रात्रीत तीन सामने खेळतो, कधी माती, कधी मॅट. चौथ्या चढाईत पाय मुरगळला की शिक्का त्याच्यावर. रात्री तीन सामने लावणाऱ्यावर कोणी शिक्का मारत नाही, हे मात्र भारी आहे!

तर यंदा नाव खोडण्याआधी त्यालाच विचारा: कुठे लागलं, कितव्या सामन्यात, आणि त्या दिवशी झोपला होतास का?