छातीदाब आणि दाब देणाऱ्याची बैठक



बालाघाट जिल्ह्यातील बिरसा हा जंगलाचा आणि विखुरलेल्या वस्त्यांचा तालुका आहे. येथील मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत कायद्यानुसार प्रथमोपचाराची व्यवस्था ठेवणे बंधनकारक आहे. शेतात किंवा आठवडी बाजारात असे बंधन नाही. तेथे एखाद्याचे हृदय अकस्मात थांबले, तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचे प्राण जवळच्या माणसाच्या हाती असतात.

हृदय थांबल्यावर ४ ते ६ मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरते ठेवता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या कौवेनहोवन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. प्रौढाच्या छातीचे हाड दर दाबाला ५ ते ६ सेंटिमीटर खाली जावे आणि मिनिटाला १०० ते १२० दाब पडावेत, असा दंडक आहे. हे काम पहिलवानाचेच, असा समज होतो. तो खरा नव्हे. हे बळ दंडांतून येत नाही, ते बैठकीतून येते.

माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल अथवा केवळ आचके येत असतील, तर एकाने १०८ क्रमांकावर कळवावे व दुसऱ्याने तत्काळ दाब सुरू करावा. रुग्ण दोरीच्या खाटेवर असल्यास त्याला जपून जमिनीवर उताणे घ्यावे. खाटेवर दिलेला दाब दोऱ्याच खाऊन टाकतात. दाब देणाऱ्याने छातीला अगदी लगटून गुडघे टेकावेत. एका तळहाताचा मनगटाकडील भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा. कोपरे ताठ आणि खांदे हातांच्या बरोबर वर असावेत. मग कमरेतून झुकताच शरीराचे वजन सरळ खाली उतरते. दूर बसल्यास दाब तिरका जातो. कोपरे वाकल्यास हात लवकर थकतात व दाब उथळ होतो.

प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी; हातांवर रेलून राहिल्यास हृदयात रक्त भरत नाही. थकवा जाणवण्याआधीच दाबाची खोली घटते, म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलावा. दुसऱ्याने समोरच्या बाजूस गुडघे टेकून आधीच सज्ज राहावे, म्हणजे खंड १० सेकंदांहून कमी राहील. बुडालेल्या माणसाला व बालकांना दाबासोबत कृत्रिम श्वासही आवश्यक असतो. तो प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकून घ्यावा.

शाळांनी व ग्रामपंचायतींनी घट्ट भरलेल्या पोत्यावर या बैठकीचा सराव घ्यावा. जिवंत माणसावर तो कदापि करू नये. सडपातळ बांध्याच्या गृहिणीलाही योग्य बैठकीमुळे पुरेसा दाब देता येतो. रुग्णवाहिकेची वाट दूरची असेल, तेथे ही विद्या घरोघरी असणे अगत्याचे आहे.