घरची बॅटरी आणि तारेचा सांधा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर पाककला, बालसंगोपन, शिवणकाम अशा विषयांवर पुष्कळ चांगली भाषणे झाली. माझा विषय त्या मानाने रुक्ष आणि हात काळे करणारा आहे. मी बॅटरी-इन्व्हर्टर दुरुस्तीचे लहानसे दुकान चालविते. तेव्हा जे रोज माझ्या हाताखालून जाते, त्याविषयीच बोललेले बरे.

आपल्या किनारपट्टीवर इन्व्हर्टर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती, हे कोण विसरेल? मात्र बॅटरी विकत घेताना आपण तिची किंमत विचारतो, हमी विचारतो. तिला जोडणाऱ्या दोन जाड तारांकडे कोणी पाहत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका घरून निरोप आला. घरातल्या आजींना प्राणवायूचे यंत्र लावलेले. रात्री वीज गेली, इन्व्हर्टर घरघरला आणि बंद पडला. शेजारून सिलिंडर वेळेवर मिळाला म्हणून बरे. बॅटरी महिन्यापूर्वीच बदललेली होती. मी तारेला हात घातला, तो तिच्या टोकाचे थिंबल हातातच निघून आले. ते कोणीतरी हातोडीने ठोकून बसविलेले होते. आतील तांबे काळे पडले होते आणि वरचे आवरण वितळले होते. जुन्या बॅटरीचा काही दोष नव्हता. हजारो रुपये उगाच गेले, आणि आजींच्या जिवाशी गाठ पडली ती निराळीच.

असे का होते? हिशेब सोपा आहे. ८०० वॅटच्या भाराला घरच्या २३० व्होल्टच्या तारेतून साडेतीन अँपिअर प्रवाह पुरतो. तोच भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर घातला, की इन्व्हर्टरची स्वतःची घट धरून सुमारे ८० अँपिअर वाहतात. सांध्यात ओहमचा नुसता शंभरावा भाग अडथळा असला, तरी ८० गुणिले ८० गुणिले ०.०१, म्हणजे ६४ वॅट उष्णता त्या बोटभर जागेत उत्पन्न होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा डाग देण्याचा बोल्ट २५ वॅटचा असतो. यावरून काय ते ओळखा.

यावर उपाय म्हणजे क्रिंपिंगची पक्कड. लांब दांड्यांची ही पक्कड थिंबलची नळी सर्व बाजूंनी दाबते, त्यामुळे तारेतील बारीक काड्या आणि नळी यांत फट राहत नाही. थिंबलवर २५–८ असे आकडे असतात. २५ हा तारेचा चौरस मिलिमीटर आकार, आणि ८ हा बोल्टच्या भोकाचा. पकडीच्या जबड्यावरही तारेचा आकडा असतो. तार, थिंबल आणि जबडा या तिघांचे माप एकच हवे. तार बारीक आणि थिंबल मोठे पडले, तर काड्या दुमडून भरू नयेत, थिंबलच बदलावे. तांब्याच्या तारेला कथिलाचा मुलामा दिलेले तांब्याचेच थिंबल घ्यावे. ॲल्युमिनियमचे लावले, तर आपल्या खाऱ्या हवेत सांधा लवकर खातो.

आता कामाची रीत सांगते. प्रथम इन्व्हर्टर बंद करावा व त्याची पिन भिंतीतून काढावी. मग बॅटरीची ऋण, म्हणजे काळी तार आधी सोडावी, लाल नंतर. जोडताना उलट: लाल आधी, काळी शेवटी. सोडलेली तार दुसऱ्या जागी टेबलावर नेऊन तेथे दाबावी. बॅटरीला जोडलेल्या तारेवर पक्कड कधीही लावू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि एखादी ठिणगीही त्याला पुरते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आणि भगिनींनो, हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र आधी काढून ठेवा. सोन्याची बांगडी दोन टोकांत अडकली, तर ती क्षणात लाल होते. पदर खोचून घ्यावा, डोळ्यांना चष्मा लावावा. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहावे. जमिनीवर सांडले तर खाण्याचा सोडा टाकावा.

आवरण नळीच्या लांबीपेक्षा दोन-एक मिलिमीटर जास्तच सोलावे, पण एकही काडी कापली जाऊ नये. तार नळीच्या तळापर्यंत घालावी आणि पक्कड पूर्ण मिटेपर्यंत दाबावी. अडकणीची पक्कड अर्ध्यावर सुटत नाही, ती आपल्या भल्यासाठीच. बोटे जबड्यापासून आणि दांड्यांच्या मधून दूर ठेवावीत. जोर कमी पडला तर दांड्याला नळी जोडून लांबवू नये. मोठी पक्कड आणावी. शेवटी तार घट्ट ओढून पाहावी. हलली तर थिंबल कापून टाकून नवे बसवावे. तेच पुन्हा दाबू नये.

पकडीची निगा विळीसारखीच. काम झाल्यावर तांब्याचा कीस ब्रशने झाडावा. बिजागरीच्या खिळ्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा. जबड्याच्या तोंडावरचे तेल मात्र पुसून काढावे, नाहीतर ते सांध्यात जाते. खिळे ढिले झाले, किंवा मिटल्यावर जबड्यात फट दिसू लागली, तर ती पक्कड दुरुस्तीला द्यावी. पावसाळ्यात ती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावी.

हे सारे प्रत्येकीने करावे असा माझा आग्रह नाही. पण कारागीर घरी आला की “थिंबल कशाने दाबता?” एवढे विचारावे, आणि हातोडी निघाली तर नम्रपणे नको म्हणावे. इन्व्हर्टर अर्धा तास चालल्यावर तारेच्या आवरणाजवळ हाताची पाठ न्यावी. ऊब लागली, किंवा टोकाशी हिरवी-पांढरी भुकटी दिसली, तर त्याच आठवड्यात सांधा तपासून घ्यावा. आपल्यापैकी कोणास हे काम शिकायचे असेल, तर तिला माझ्या दुकानाचे दार उघडे आहे; या कामाला ताकदीपेक्षा नेटकेपणा अधिक लागतो, आणि तो आपल्या हातांना परका नाही.