उष्णतेचा जमाखर्च



वैशाखाच्या दिवसांत उष्णतेवर व्याख्यान देणे म्हणजे श्रोत्यांच्या जखमेवर मीठ चोळणेच होय. तरीही आज आपण तिच्याकडे जरा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. सूर्याकडून पृथ्वीला जेवढी उष्णता मिळते, जवळजवळ तेवढीच ती अवकाशात परत टाकते. (अलीकडे जमा किंचित वाढली आहे, पण तो विषय वेगळा.) मात्र हा मेळ साऱ्या पृथ्वीचा, ठिकठिकाणचा नव्हे. विषुववृत्तापासून दोहों बाजूंस ३५ ते ४० अंशांपर्यंत जमा अधिक. त्यापलीकडे ध्रुवांपर्यंत खर्चच अधिक. मग ही शिल्लक तिकडे पोचवितो कोण?

वारा आणि पाणी. १७३५ साली जॉर्ज हॅडली या इंग्रज वकिलाने असे मांडले, की विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे जाते. विचार मोठाच, परंतु पृथ्वी फिरत असल्यामुळे हे अभिसरण ३० अंशांच्या आसपास अडते. पुढचे ओझे वादळे वाहतात. वादळ म्हटले की आपल्याला नासधूसच आठवते. युरोपच्या हिवाळ्यातली बरीचशी ऊब मात्र त्यांनीच आणलेली असते. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता तिच्यात दडते आणि ढग बनतात तेथे ती मोकळी होते.

समुद्राचा वाटा मोठा आहे तो मुख्यतः उष्ण कटिबंधात. अटलांटिक महासागर उष्णता उत्तरेस नेतो, हे गल्फ प्रवाहाच्या निमित्ताने आपण शाळेत शिकतो. आपल्या दाराशी असलेल्या समुद्राची गोष्ट आम्हांस त्याहून नवलाची वाटते. हिंदी महासागराला उत्तरेची वाटच नाही. तेथे आशिया खंड आडवे पडले आहे. तेव्हा उष्णता जाणार ती दक्षिणेसच. पण नैर्ऋत्य मोसमी वारा तर उत्तरेकडे वाहतो! गंमत अशी, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात समुद्राचे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरते, दक्षिण गोलार्धात डावीकडे. नैर्ऋत्य वाऱ्याची उजवी बाजू आग्नेयेस येते. विषुववृत्तापलीकडे आग्नेय वाऱ्याची डावी बाजू नैर्ऋत्येस. दोन्हीकडे पाणी दक्षिणेलाच ढकलले जाते. म्हणजे वारा वाफ घेऊन आपल्याकडे येतो, त्याच वेळी समुद्र ऊन पाणी घेऊन उलट चालू लागतो. त्याच्या बदली खालून थंड पाणी उत्तरेस येते आणि सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांशी वर निघते.

मे महिन्यात ३० अंशांच्या घरात गेलेला अरबी समुद्र पावसाळ्यात निवतो, तो या निचऱ्यामुळे आणि बाष्पीभवनामुळे. निचरा सुरू होण्यापूर्वीची साठलेली उष्णता काय करू शकते, हे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने कोकणाला दाखविले. आणि गेल्या काही दशकांत हा समुद्र अधिकच तापत चालला आहे. हिवाळ्यात वारे फिरले की ही वाहतूकही फिरते, ऊन पाणी उत्तरेस येऊ लागते. तरी वर्षअखेर बाकी काढली तर ती दक्षिणेच्याच नावावर निघते.